एक बाजू मोकळी

तुळशीचं लग्न आटोपलं की आमची मोहीम निघायची.
साडेतीनशे खुर्च्या, अकरा दऱ्या, सात गंज,
त्यातला एक गळका,
आणि एक जनरेटर, जो फक्त गोमा उईकेची लाथ ओळखतो.
झाडे बिछायत केंद्र, धनोडी फाटा.
बोर्डावर नाव नवऱ्याचं, वहीत अक्षर माझं.

मग रस्त्यापलीकडे निकोडे आला.
न्यू निकोडे टेंट अँड इव्हेंट.
साटीनचे पडदे, धुराचं मशीन,
नवरीला बसायला दोन मोरांचा सोफा
आणि खुर्चीमागे दोन रुपये कमी.
फाल्गुनापर्यंत माझ्या नऊ तारखा गेल्या,
एक तर सख्ख्या नणंदेच्या पोरीची.

भोंगाडे गुरुजी दुपारी दुकानात बसायचे,
पेपर फुकट आणि पंखा चालू म्हणून.
छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, लढले कुणाशीच नाहीत,
बायकोशीसुद्धा.
म्हणाले, "शालू, भाव काहून पाडून रायली?
थो मैदानातला गडी आहे, मैदानात जाऊच नोको.
मोठी फौज आली का जुने लोक किल्ल्यावर चढत
आन् खालच्या विहिरी बुजवून ठेवत."
"मले कुठचा किल्ला, गुरुजी?"
"मंग विहीर पाय."

तीन रात्री मी विहीर शोधली.
चौथ्या सकाळी बल्लीवाल्याकडे गेले,
तालुक्यात एकच आहे,
आणि उन्हाळाभराच्या बल्ल्या, दोर, खुंट्या
इसार देऊन अडवून ठेवल्या.

निकोडेचा अंकुश माझ्याकडे चहाला येऊ लागला.
पोराला बिस्किटं आवडतात.
दोन पुड्यांत त्याच्या मालकाचं रजिस्टर मला पाठ झालं,
आणि हेही, की तो खुंट्या ठोकतच नाही,
पाइप नुसते मातीवर टेकवतो.
गुरुजी म्हणाले, याला दाम म्हणतात.
मी याला चहा म्हणते.

आमची कनात जुनी. तिला अठरा भोकं.
इतकी वर्षं मी ती पाहुण्यांपासून लपवली.
त्या संध्याकाळी पहिल्यांदा मोजली
आणि शस्त्रात धरली.

वैशाखात चौधऱ्यांच्या पोरीचं लग्न निकोडेकडे,
बाराशे पान.
पारा सेहेचाळीस. साडेतीनला वावधन उठलं,
पाण्याचा थेंब नाही, नुसती माती.
साटीन शिडासारखं फुगलं,
पाइपांसकट उठलं आणि बाभळीला जाऊन लटकलं.
सोफा पऱ्हाट्यांच्या ढिगावर.

निकोडे स्वतः आला. पायात एकच चप्पल.
"वयनी, बल्ल्या पायजे. सांगाल थे देतो."

वेढा पुरा झाला होता.
बल्ल्या माझ्या, दोर माझा, गोमा माझा,
अंकुशही अर्धा माझा.
आता जिंकायला फक्त "नाई" म्हणायचं होतं.
ते दातांपर्यंत आलंही.

पण वीस वर्षं मी मांडव बांधते.
तीन बाजूंना कनात लावायची, चौथी सोडायची.
चौथीही बांधली
तर तो कोंडवाडा होतो.

"दीडपट," मी म्हटलं. "आन् रोख."
"दीडपट?"
"वैर आहे आपलं. धरम नाई."
गोमानं ट्रॅक्टरलाही एक लाथ घातली, सवयीनं.

रात्री नऊला वरात आली.
बल्ल्या माझ्या, झुंबर त्याचं.
एका मोराची मान तुटलेली,
नवरी दुसऱ्या बाजूला सरकून बसली.
पंगतीत गुरुजी दुसऱ्यांदा बुंदी मागत म्हणाले,
"वेढ्याले एक वाट ठेवा लागते,
नाईतं गनीम मरेलोक लढते. सांगणारच होतो तुले."
"सांगतलं नाई तुमी."
"तू इचारलं कुठं?"

सकाळी बल्ल्या मोजून घेतल्या. दोन कमी.
रस्त्यापलीकडे निकोडेचा वाकलेला बोर्ड पुन्हा उभा होता,
दोन्ही बाजूंनी टेकू.
वहीत लिहिलं: निकोडे, बल्ली दोन, येणे.

मागायला अजून गेले नाही.
त्याचा भाव अजून
दोन रुपये कमीच आहे.